पोकळ गिटारच्या पोटातला ठोकळा आणि लेस पॉलचा हट्ट

गणपतीचे दिवस असोत की गावची जत्रा, मांडवात ऑर्केस्ट्रा रंगात आलेला असतो आणि मध्येच स्पीकर किंचाळतो. साउंडवाला धावत येतो, आवाज कमी करतो, गायक माईक घेऊन दोन पावलं मागे सरकतो. याला फीडबॅक म्हणतात हे आता शाळकरी पोरांनाही माहीत आहे. माईकमध्ये गेलेला आवाज स्पीकरमधून मोठा होऊन येतो, तोच परत माईकमध्ये शिरतो, आणखी मोठा होतो, आणि हे चक्र काही थांबत नाही.

साधारण नव्वद वर्षांपूर्वी गिटारवाल्यांच्या नशिबी नेमका हाच त्रास आला. गिटारला वीज जोडली, आवाज मोठा झाला आणि त्याबरोबर ती किंचाळायलाही लागली. त्यावर उपाय शोधण्यात एका माणसाचं अर्धं तारुण्य गेलं. त्याचं नाव लेस पॉल. आज बाजारात सेमी-हॉलो, म्हणजे अर्धी पोकळ आणि अर्धी भरीव, अशी जी इलेक्ट्रिक गिटार मिळते, तिच्या पोटात एक लाकडी ठोकळा असतो. बाहेरून तो दिसत नाही, पण तिचा सूर त्याच्यावरच उभा असतो. त्या ठोकळ्याची गोष्ट लेस पॉलच्या आयुष्यापासूनच सुरू करावी लागते.

वॉकेशाचा खटपट्या पोरगा

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात वॉकेशा नावाचं गाव आहे. ९ जून १९१५ रोजी तिथे त्याचा जन्म झाला. खरं नाव लेस्टर विल्यम पोल्सफस. आईवडील लवकर वेगळे झाले आणि आई एव्हलिनने त्याला वाढवलं. आधी माउथ ऑर्गन हाती आला, मग बँजो, मग गिटार. माउथ ऑर्गन आणि गिटार एकाच वेळी वाजवता यावेत म्हणून पोराने तार वाकवून गळ्यात अडकवायचा स्टँड बनवला. घरातला रेडिओ, फोन, ग्रामोफोन, काही म्हणून त्याच्या तावडीतून सुटलं नाही. पोरगं वस्तू उघडतंय आणि आई ओरडायच्या ऐवजी बघतेय, असं ते घर होतं.

वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी तो गावाजवळच्या एका रस्त्याकडेच्या खानावळीबाहेर गाणी म्हणून पैसे मिळवू लागला. लोक गाड्या लावून जेवत आणि ऐकत. फोनच्या भागांपासून बनवलेला माईक त्याने रेडिओला जोडला होता, त्यामुळे गळा आणि माउथ ऑर्गन सगळ्यांना ऐकू जायचा. एकदा गाडीतल्या एका गिऱ्हाइकाने चिठ्ठी पाठवली. आवाज छान येतो, पण गिटार काही ऐकू येत नाही, अशी तक्रार होती.

ही चिठ्ठी त्याच्या डोक्यात बसली. घरी येऊन त्याने ग्रामोफोनची सुई गिटारच्या पोटावर रोवली आणि दुसऱ्या रेडिओतून आवाज काढला. गिटार मोठी झाली खरी, पण थोडा आवाज वाढवला की किंचाळायची. मग त्याने गिटारच्या पोटात चिंध्या कोंबल्या. थोडा फरक पडला. मग प्लास्टर ओतून पोटच भरून टाकलं. गिटार वाया गेली, पण एक गोष्ट कळली. पोट जितकं कमी हलेल, तितकी तार नीट ऐकू येते.

मग त्याने टोक गाठलं. रेल्वेच्या रुळाचा दोन-अडीच फुटांचा तुकडा आणला, त्यावर एक तार ताणली, खाली फोनमधला चुंबकाचा भाग ठेवला आणि तो रेडिओला जोडला. तार छेडली. सूर स्वच्छ निघाला आणि कितीतरी वेळ टिकला. पोरगा आनंदाने आईकडे धावत गेला. आईने शांतपणे सांगितलं की घोड्यावर बसून रूळ वाजवणारा काउबॉय काही कधी दिसायचा नाही. झालं, रूळ बाद. पण आवाज कानात राहिला. तो आवाज लाकडात कसा आणायचा, हेच त्याचं पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचं काम ठरलं.

भोपळा असला तर आणि नसला तर

रुळावरची तार इतका वेळ का वाजली, हे आपल्या वाद्यांवरून चटकन कळतं. मिरजेच्या कारागिरांकडे तानपुरा पाहिलेल्यांना भोपळ्याचं महत्त्व सांगायला नको. पंढरपूरकडचे भोपळे आणून, वाळवून, कापून त्यावर लाकडी तबली बसवतात. नुसती तार हवा फारशी ढवळू शकत नाही. ती घोडीतून आपली शक्ती तबलीला देते, तबली हलते, आतली हवा हलते आणि आवाज खोलीभर पसरतो. एकतारीचा भोपळा काढून नुसती दांडी वाजवून बघा. तार हलताना दिसेल, ऐकू मात्र जेमतेम येईल.

पण यात एक सौदा असतो. तारेत छेडल्यावर जेवढी शक्ती आली तेवढीच असते. पोटाने ती भराभर घेतली तर आवाज मोठा येतो, पण तार लवकर दमते. पोटाने घेतली नाही तर आवाज बारीक राहतो, पण तार खूप वेळ हलत राहते. आपले गवई ज्याला आस म्हणतात, ती लांबते.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये हा हिशेबच बदलतो. तिथे तारेखाली पिकअप असतो, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. तो हवेतला आवाज ऐकत नाही, लोखंडी तारेची हालचाल ओळखतो आणि तिची वीज बनवतो. मोठा आवाज करायला अँप्लिफायर आहेच. मग पोकळ पोटाची गरज काय? उलट तोटाच. स्पीकरचा दणका पातळ पोटावर बसतो, पोट तारेला हलवतं, पिकअप ती हालचाल परत अँप्लिफायरकडे पाठवतो, आणि किंकाळी सुरू.

पण सगळाच तोटा नाही. पोकळ गिटारमध्ये स्वर उमटताना एक फुगीर, लाकडी गोलाई असते. पोट काही कंपनं गिळतं, काही परत करतं, आणि तारेचा सूर त्यामुळे थोडा मऊ होतो. त्या काळच्या जॅझवाल्यांना तोच आवाज हवा होता. त्यामुळे प्रश्न नुसता किंकाळी थांबवायचा नव्हता. किंकाळी थांबवताना गोडवा किती गमवायचा, हा होता.

एपिफोनच्या कारखान्यातले रविवार

शाळा अर्धवट सोडून लेस रेडिओवरच्या बँडमध्ये शिरला. शिकागोत त्याची दोन रूपं होती. रेडिओवर तो ऱ्हुबार्ब रेड नावाने खेडवळ गाणी म्हणायचा आणि रात्री लेस पॉल म्हणून जॅझ वाजवायचा. १९३८ च्या सुमारास तो आपलं त्रिकूट घेऊन न्यूयॉर्कला गेला आणि फ्रेड वेअरिंगच्या वाद्यवृंदात त्यांना काम मिळालं. त्याच काळात चार्ली ख्रिश्चन नावाचा तरुण बेनी गुडमनच्या जॅझमध्ये पोकळ इलेक्ट्रिक गिटार घेऊन सॅक्सोफोनशी बरोबरी करत होता. विजेची गिटार म्हणजे गंमत नाही, हे आता सगळ्यांना पटायला लागलं होतं.

न्यूयॉर्कमध्ये एपिफोन या गिटार कंपनीचा कारखाना होता. रविवारी तो बंद असायचा. लेसने ओळख काढून रविवारी तिथली हत्यारं वापरायची परवानगी मिळवली. १९४०-४१ च्या सुमारास तिथे त्याने पाइन लाकडाचा चार इंच बाय चार इंच जाडीचा ठोकळा घेतला, त्याला गिटारची मान जोडली, घोडी बसवली, स्वतः बनवलेले दोन पिकअप लावले आणि तारा ताणल्या. दिसायला ते दाराच्या चौकटीचं लाकूड. नावही तसंच पडलं, द लॉग, म्हणजे ओंडका.

तो सांगायचा की हा ओंडका घेऊन तो एका क्लबमध्ये वाजवायला गेला, तर लोकांनी ढुंकून पाहिलं नाही. मग त्याने एपिफोनची एक पोकळ गिटार मधून उभी कापली आणि तिचे दोन अर्धे भाग ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे लावले. पुन्हा तिथेच गेला, तेच वाजवलं, आणि लोक खूश. ठोकळा तोच, पिकअप तेच, बदललं होतं फक्त रूप. लोक आधी बघतात आणि मग ऐकतात, हे त्याला तिथे कळलं.

हे पंख त्याच्या लेखी शोभेचे होते. पण मध्ये भरीव ठोकळा आणि दोन्ही बाजूंना पोकळ कप्पे, ही रचना तिथे पहिल्यांदा एका माणसाच्या हातात नीट उभी राहिली होती.

नकार, शॉक आणि मोडलेला हात

लेस हा ओंडका घेऊन गिब्सन कंपनीकडे गेला. त्या काळी गिब्सन म्हणजे गिटारच्या धंद्यातलं मोठं नाव. कंपनीच्या साहेबांनी पिकअप लावलेला झाडूचा दांडा म्हणून त्याची थट्टा केली आणि त्याला परत पाठवलं.

पाठोपाठ संकटं आली. १९४१ मध्ये घराच्या तळघरात वाजवताना त्याला विजेचा जबर झटका बसला. जिवावरचं हातावर निभावलं, पण सावरायला दोनेक वर्षं गेली. मग तो हॉलिवूडला गेला, युद्धकाळात सैन्याच्या रेडिओसाठी वाजवलं, आणि बिंग क्रॉसबीसारख्या मोठ्या गायकाबरोबर १९४५ मध्ये त्याचं गाणं पहिल्या क्रमांकावर पोहोचलं.

जानेवारी १९४८ मध्ये ओक्लाहोमात बर्फाळ रस्त्यावर त्याची गाडी पुलावरून खाली गेली. त्याचा उजवा हात कोपरातून चुरडला. कोपर पुन्हा वाकणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. हात कुठल्या तरी एकाच कोनात कायमचा बसवावा लागणार होता. लेसने त्यांना गिटार धरता येईल असा कोन द्यायला लावला. जवळपास दीड वर्ष प्लास्टर आणि उपचारांत गेलं. पुढची साठ वर्षं तो त्याच वाकड्या हाताने वाजवत राहिला.

त्या गाडीत त्याच्याबरोबर कॉलीन समर्स ही गायिका होती. लेसने तिला मेरी फोर्ड हे नाव दिलं. डिसेंबर १९४९ मध्ये दोघांनी लग्न केलं. एकावर एक आवाज चढवून एकाच माणसाचा अख्खा वाद्यवृंद करायची त्याची युक्ती आधी तबकड्यांवर होती, नंतर क्रॉसबीने दिलेल्या टेप रेकॉर्डरवर आली. १९५१ मध्ये हाउ हाय द मून हे त्यांचं गाणं अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. आज मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग म्हणजे प्रत्येक स्टुडिओचं रोजचं काम. त्याच्या मुळाशी ही जोडी आहे.

गिब्सन परत दाराशी

दरम्यान कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने १९५० मध्ये भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली आणि ती खपू लागली. ज्या गिब्सनने ओंडक्याची थट्टा केली होती, तिला आता जाग आली. कंपनीची सूत्रं टेड मॅकार्टीकडे होती. त्याच्या कारखान्यात महॉगनीच्या बॉडीवर मेपलची टोपी चढवलेली भरीव गिटार तयार झाली आणि १९५२ मध्ये ती लेस पॉलच्या नावाने सोनेरी रंगात विक्रीला आली. तिच्या आखणीत कुणाचा वाटा किती, याबद्दल लेस आणि मॅकार्टी यांच्या सांगण्यात शेवटपर्यंत फरक राहिला. पण रुळावर ऐकलेली लांब आस आता दुकानात विकत मिळत होती, एवढं खरं.

तरी सगळे वादक खूश नव्हते. ही गिटार चार किलोच्या आसपास, काही तर त्याहून जड. रात्रभर उभं राहून वाजवणाऱ्याचा खांदा भरून यायचा. शिवाय पोकळ गिटारची ती लाकडी गोलाई तिच्यात नव्हती. जॅझ आणि ब्लूजवाल्यांना दोन्ही हवं होतं, आसही आणि गोलाईही.

मॅकार्टीने १९५८ मध्ये त्यावर उत्तर काढलं. गिटारचं नाव ईएस-३३५. जुन्या जॅझ गिटारची जाडी तीन इंचांच्या वर असायची, ही पावणेदोन इंचांच्या आसपास होती. वर इंग्रजी एफ अक्षराच्या आकाराची दोन भोकं, म्हणजे दिसायला पोकळ. पण आत, मानेपासून शेपटीपर्यंत, मेपलचा भरीव ठोकळा. पोट आणि पाठ प्लायची आणि कमानदार, ठोकळा मात्र सपाट, म्हणून मधल्या फटीत स्प्रूस लाकडाच्या पट्ट्या आकार देऊन चिकटवल्या. घोडी आणि तारा अडकवायची पट्टी यांचे खिळे सरळ ठोकळ्यात रोवले. डाव्या-उजव्या बाजूचे पंख रिकामे ठेवले.

याचा आवाजावर परिणाम असा होतो. घोडीखाली जड, ताठ लाकूड असल्याने तार आपली शक्ती पटकन सोडत नाही, आस लांबते. पिकअपही ठोकळ्याच्या वर घट्ट बसलेले, त्यामुळे स्पीकरच्या दणक्याने पोट आणि पिकअप एकत्र डुलत नाहीत, किंकाळी उशिरा येते. पोकळ पंखांमुळे वजन कमी होतं आणि सुराला थोडी हवा मिळते. पंखांचा हा वाटा बारीक असतो. अँप्लिफायर लावल्यावर पिकअप आणि वादकाचा हात यांचा फरक त्याहून मोठा. पण हातात धरून छेडलं की फरक छातीला जाणवतो.

बाहेरून बहिणी, आतून वेगळ्या

आतल्या रचनेने किती फरक पडतो, याचा सोपा पुरावा गिब्सननेच दिला. १९५९ मध्ये कंपनीने ईएस-३३० काढली. बाहेरून ती ३३५ ची सख्खी बहीण, पण आत ठोकळाच नाही, सगळी पोकळ. पिकअपही वेगळ्या जातीचे, त्यामुळे सगळा फरक ठोकळ्याच्या माथी मारता येत नाही. पण तिचा स्वर चटकन फुलतो आणि चटकन विरतो, आणि आवाज वाढवला की ती लवकर किंचाळते, हे ठोकळा नसल्याचंच लक्षण. १९५७ मध्ये गिब्सनने एपिफोन विकत घेतली होती. त्या नावाने निघालेली कॅसिनो ही अशीच पूर्ण पोकळ गिटार. पुढे बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी, जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन या तिघांनीही ती वापरली. त्यांना तोच उघडा, थोडा रांगडा आवाज आवडला.

रिकनबॅकर कंपनीने तिसरी वाट धरली. ठोकळा बाहेरून आणून चिकटवण्याऐवजी भरीव लाकूडच पाठीमागून कोरून पोकळ केलं आणि वर फळी बसवली. ब्लूजचा राजा बी. बी. किंग ३३५ च्याच घराण्यातली गिटार वाजवायचा, पण मोठ्या स्टेजवर तीही किंचाळायची, म्हणून तो एफच्या भोकांत कापड कोंबायचा. १९८० मध्ये गिब्सनने त्याच्यासाठी भोकंच नसलेली गिटार काढली आणि तिला त्याच्या लाडक्या गिटारचं ल्यूसिल हे नाव दिलं. वॉकेशाचा पोरगा चिंध्या कोंबत होता, तेव्हाही त्रास हाच होता.

सोमवारची मैफल

लेसच्या आयुष्यात पुढे पडझडही आली. १९६४ मध्ये त्याचा आणि मेरीचा घटस्फोट झाला. त्याच्या नावाची मूळ गिटारही काही वर्षं बनायची बंद झाली. मग साठच्या दशकातल्या रॉकवाल्या पोरांनी जुन्या गिटार शोधून वाजवायला सुरुवात केली आणि १९६८ मध्ये गिब्सनला ती परत बनवावी लागली. मेरी १९७७ मध्ये गेली. लेसच्या हृदयावर मोठी शस्त्रक्रिया झाली, संधिवाताने बोटं आखडली.

तरी १९८४ पासून दर सोमवारी रात्री तो न्यूयॉर्कच्या छोट्या क्लबमध्ये वाजवू लागला. आखडलेल्या बोटांना जमेल तेवढं वाजवायचा आणि मध्ये गप्पा मारायचा. हा नेम नव्वदी ओलांडली तरी चालू होता. ऑगस्ट २००९ मध्ये, ९४ व्या वर्षी तो गेला. दफन वॉकेशालाच झालं. तो ओंडका आज नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये आहे.

ईएस-३३५ लेसने बनवली नाही, तिचं श्रेय मॅकार्टी आणि त्याच्या कारागिरांचं. पण लेसने फक्त दिसायला म्हणून जे पंख चिकटवले होते, तेच त्यांनी आवाजासाठी मनापासून घेतले आणि ज्याची थट्टा झाली तो ठोकळा त्यांच्यामध्ये बसवला.

आपल्याकडे गोव्यातल्या बँडमध्ये, बेळगाव-इंदूर-बडोद्याच्या ऑर्केस्ट्रात अशा गिटार अजून दिसतात. जुनी घ्यायला गेलात तर आधी मोबाइलचा टॉर्च एफच्या भोकात मारा. आत लांबच्या लांब लाकडी भिंत दिसली तर ठोकळा आहे. एका भोकातला उजेड दुसऱ्या भोकातून बाहेर पडला तर ती पूर्ण पोकळ. मग अँप्लिफायर लावा, एक तार छेडा, आणि ती कधी थांबते ते मोजा. दुकानदार काय सांगतो ते नंतर ऐका.